ताइको ड्रम कंट्रोलरवर खेळायला कसं शिकायचं: मांडणी, लॅग, हाताचा क्रम आणि अवघड लेव्हल

ताइको नो तात्सुजिन हा गेम बघायला एकदम सोपा वाटतो. स्क्रीनवर उजवीकडून डावीकडे लाल-निळ्या गोल नोट्स सरकत येतात, डावीकडच्या वर्तुळात नोट पोचली की ड्रमवर मारायचं, लाल असेल तर मध्ये आणि निळी असेल तर कडेवर, संपलं. नामकोने २००१ मध्ये जपानमधल्या आर्केडसाठी हा गेम काढला, पुढच्याच वर्षी प्लेस्टेशन २ वर तो घरी आला आणि सोबत ड्रमच्या आकाराचा कंट्रोलरही आला, ज्याला खेळणारे ताताकॉन म्हणतात. आता स्विच, प्लेस्टेशन, पीसी सगळीकडे याच्या आवृत्त्या आहेत. पहिली दोन-चार गाणी मजेत जातात, नॉर्मल लेव्हल पार होते, आणि मग हार्डवर गेल्यावर हात एकमेकांत अडकायला लागतात आणि बहुतेक जण समजतात की आपला स्पीड कमी पडतोय.

माझं मत स्पष्ट आहे, स्पीड हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी तीन गोष्टी असतात: ड्रम नीट बसवलाय का, टीव्ही आणि आवाज वेळेवर पोचतोय का, आणि कुठला हात कधी मारायचा हे ठरलंय का. या तीन गोष्टी जागेवर आल्या की स्पीड आपोआप वाढत जातो, आणि त्या जागेवर नसतील तर कितीही तास घाला, तिथेच फिरत राहाल. म्हणून मी त्याच क्रमाने लिहितोय. घाई असली तरी लॅगचा, म्हणजे चित्र किंवा आवाज उशिरा पोचण्याचा भाग सोडू नका.

ड्रममध्ये काय असतं आणि घेताना काय बघायचं

घरगुती ड्रम कंट्रोलर म्हणजे मुळात चार बटणं. डावा मध्य, उजवा मध्य, डावी कड, उजवी कड. मधल्या भागावरच्या ठोक्याला डोन म्हणतात आणि कडेवरच्याला का. वरचा मऊ पृष्ठभाग मधोमध दोन भागांत विभागलेला असतो, त्याच्या खाली दाब ओळखणारे थर असतात आणि तो दाब कन्सोलला साधं बटण दाबल्यासारखा पोचतो. म्हणजे किती जोरात मारलं याचा गेमला काही फरक पडत नाही. ठोका लागला किंवा नाही लागला, एवढंच. हे सुरुवातीलाच डोक्यात बसलं पाहिजे कारण नवीन माणूस आवाज मोठा यावा म्हणून जोर लावतो आणि दुसऱ्या गाण्यात दमतो.

आर्केडमधल्या मोठ्या ड्रमचं काम वेगळं असतं, तिथे कंपन ओळखणारे सेन्सर असतात, त्याबद्दल शेवटी बोलू.

विकत घेताना पहिली गोष्ट, ड्रम कुठल्या कन्सोलसाठी आहे ते खोक्यावर वाचा. स्विच आणि प्लेस्टेशन ४ साठी होरी कंपनीचे वेगवेगळे ड्रम आहेत, दिसायला सारखे, पण एकाचा दुसऱ्याला चालेल असं धरून चालू नका. दोन्ही यूएसबी वायरवाले आहेत, आणि ही चांगलीच गोष्ट आहे, वायर म्हणजे एक लॅग कमी. स्विच असेल तर डॉकच्या यूएसबी पोर्टमध्ये लावता येतो, हँडहेल्ड वापरायचा असेल तर अडॅप्टर लागतो. पीसीवर खेळणार असाल तर गेमच्या सेटिंगमध्ये चारही ठोके आपापल्या जागी जोडता येतात का ते आधी बघून घ्या.

जुना ड्रम घेत असाल तर एक टेस्ट न चुकता करा. चारही भागांवर वेगवेगळ्या ठिकाणी हलकेच टकटक करून बघायचं, फक्त मधोमध नाही तर डोनच्या भागाच्या खालच्या टोकाला, वरच्या टोकाला, कडेच्या तळाशी. जुन्या ड्रमवर डोनची एक जागा मेलेली असणं कॉमन आहे, आणि ती जागा बरोबर तीच असते जिथे आधीच्या माणसाची काठी रोज पडायची.

ड्रम कुठे आणि कसा ठेवायचा

ड्रम हलला नाही पाहिजे. हा अख्ख्या मांडणीचा एकच नियम म्हटला तरी चालेल. सोबतच्या स्टँडवर ड्रम थोडा तिरका उभा राहतो, टेबल गुळगुळीत असेल तर प्रत्येक ठोक्याला तो जरासा पुढे सरकतो, गाण्याच्या शेवटी आपण नकळत वाकून मारत असतो आणि वाटतं की शेवटीच चुका का होतायत. खाली रबराची मॅट घाला, योगा मॅटचा तुकडा असेल तर उत्तम, शिवाय आवाज आणि खालच्या मजल्यावर जाणारा धक्का दोन्ही कमी होतात.

उंची अशी ठेवा की खांदे सैल, कोपर शरीराजवळ, आणि हाताचा पुढचा भाग जवळजवळ आडवा किंवा किंचित खाली उतरता राहील. ड्रम फार वर असेल तर खांदे उचलले जातात, आणि खांदे उचलले की मनगट बंद पडतं, मग अख्ख्या हाताने मारणं सुरू. बसून खेळा की उभं राहून हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण एकदा ठरवलं की काही आठवडे तेच ठेवा. मी बसूनच खेळा म्हणेन, कारण घरगुती ड्रम हलका असतो आणि उभं राहून खेळण्याएवढा उंच आणि स्थिर स्टँड मिळणं अवघड. बिनहाताची खुर्ची घ्या, नाहीतर कोपर अडकतं. आणि बसताना ड्रमची मधली रेघ आणि तुमची बेंबी एका रेषेत पाहिजे, ड्रम थोडा जरी बाजूला असेल तर एका हाताची कड लांब पडते आणि त्या हाताचे का उशिरा लागतात. स्क्रीन शक्यतो नजरेच्या पातळीवर. मान खाली घालून हार्ड लेव्हल खेळू नका.

लॅग: अर्धी लढाई इथेच असते

आता जरा आकड्यांत जाऊ, कारण इथे आकडेच महत्त्वाचे आहेत. प्रत्येक ठोक्याला गेम तीनपैकी एक शेरा देतो, गुड, ओके किंवा बॅड. हार्ड आणि एक्स्ट्रीम म्हणजे ओनी लेव्हलवर गुड मिळायला ठोका बरोबर क्षणाच्या पुढे-मागे सुमारे २५ मिलिसेकंदात पडायला लागतो, ओकेसाठी सुमारे ७५. ईझी आणि नॉर्मलवर ही खिडकी मोठी असते, गुडसाठी साधारण ४२. आता टीव्हीचं बघा. ६० फ्रेमच्या स्क्रीनवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे चित्र दोन फ्रेम उशिरा आलं तरी तुमचा अचूक बघून मारलेला ठोका गुडच्या बाहेर गेला. आणि चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही त्याहून कितीतरी जास्त वेळ खातात.

म्हणून टीव्हीवर गेम मोड चालू करा, हे पहिलं काम. चित्र गुळगुळीत करणारे जे काही इफेक्ट असतील ते बंद. ब्लूटूथ हेडफोन आणि ब्लूटूथ स्पीकर या गेमसाठी वापरूच नका, त्यांचा आवाज शंभर मिलिसेकंदांहून जास्त मागे पडणं अगदी नेहमीचं आहे. वायरवाला हेडफोन किंवा टीव्हीचा स्वतःचा स्पीकर घ्या.

मग गेमच्या सेटिंगमधलं टायमिंग ॲडजस्टमेंट उघडा. बरेच जण इथे अंदाजाने आकडा टाकतात, तसं नका करू. एक सोपं, सरळ ठेक्याचं गाणं निवडा, जे तुम्हाला नॉर्मलवर न चुकता वाजवता येतं. ते वाजवा आणि शेवटी गुड किती आले ते कागदावर लिहा. सेटिंग एका बाजूला थोडं सरकवा, तेच गाणं परत, परत गुड लिहा. वाढले तर त्याच दिशेने पुढे, कमी झाले तर उलट. जिथे गुड सगळ्यात जास्त येतात ती तुमची जागा. हे करायला अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास पुढचे कित्येक महिने कामाला येतो.

अजून एक तपासणी आहे जी मला फार उपयोगी वाटते. त्याच गाण्याचा असा भाग शोधा जिथे नुसते सरळ डोन-डोन-डोन येतायत. तो एकदा डोळे मिटून फक्त ऐकून वाजवा, आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून फक्त बघून वाजवा. दोन्ही वेळा गुड येत असतील तर सेटिंग छान. ऐकून गुड आणि बघून ओके येत असतील तर चित्र आणि आवाज एकमेकांपासून सुटलेत, मग टीव्हीकडे परत बघा. आणि काहीच जुळत नसेल तर सरळ सांगतो, कानावर भरवसा ठेवा, गेमचं सेटिंग आवाजाला जुळवा. शेवटी हा संगीताचा गेम आहे, वाजवताना लय कानातून येते, डोळे फक्त पुढे काय आहे ते सांगतात.

काठी धरायची कशी

काठीला बाची म्हणतात. कंट्रोलरसोबत येणाऱ्या बाची प्लास्टिकच्या आणि आखूड असतात, हलक्या असतात, घरगुती ड्रमवर त्याच चालवा. जाड लाकडी काठ्यांनी घरच्या ड्रमचा पृष्ठभाग आणि आतले थर लवकर खराब होतात. हात घामेजतात त्यांनी मुठीच्या जागी रॅकेटला लावतात ती ग्रिप टेप गुंडाळावी, स्वस्त आणि फार फरक पडतो.

अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये काठी पकडा, शेवटापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, बाकीची बोटं नुसती टेकलेली, आवळलेली नाहीत. तळवा खालच्या दिशेला. आता मनगटातून हलकेच सोडा, ठोका पडला की काठी स्वतःहून वर उसळते, तिला उसळू द्या. तापलेल्या तव्याला बोट लागल्यावर ते जसं लगेच मागे येतं तसा ठोका पाहिजे, दाबून ठेवलेला नको. दाबून ठेवलात तर दोन गोष्टी होतात, पुढच्या ठोक्याला उशीर होतो, आणि कधीकधी खालचा थर दाबलेलाच राहिल्यामुळे पुढचा ठोका गेमला कळतच नाही.

काठीचं टोक पृष्ठभागापासून फार वर नेऊ नका, चार बोटं पुरे. डोन मारायची जागा भागाच्या अगदी मधोमध न ठेवता थोडी बाहेरच्या बाजूला, कडेच्या दिशेला ठेवा, म्हणजे का मारायला हाताला फार लांब जावं लागत नाही. पण इतकीही बाहेर नको की डोन मारताना कड लागेल. ही जागा प्रत्येक ड्रमवर थोडी वेगळी असते, मेनूमध्ये असतानाच दोन-तीन मिनिटं टकटक करत ती शोधा. का साठी कडेवर टोक मारण्याऐवजी काठीचा टोकाजवळचा आडवा भाग पडू द्या, हात थोडा बाहेर फिरवून. संपूर्ण कोपर बाहेर जात असेल तर ड्रम फार जवळ आहे.

नोट्स ओळखणं

लहान लाल म्हणजे एक डोन, लहान निळी म्हणजे एक का. मोठी लाल आणि मोठी निळी दोन्ही हातांनी एकाच वेळी मारायच्या, मग बऱ्याच आवृत्त्यांत जास्त पॉइंट मिळतात, पण एकाच हाताने मारली तरी कॉम्बो, म्हणजे न चुकता सलग लागलेल्या ठोक्यांची मोजणी, तुटत नाही, त्यामुळे घाईच्या जागी मोठी नोट एका हाताने मारून पुढे जाणं पूर्ण शहाणपणाचं आहे. पिवळी लांब पट्टी म्हणजे ड्रमरोल, ती संपेपर्यंत जमतील तितके ठोके, मध्ये मारा की कडेवर काही फरक नाही. फुगा आला तर त्यावर लिहिलेल्या संख्येइतके डोन मारून तो फोडायचा. रोलमध्ये चुकलं तरी कॉम्बोला धक्का लागत नाही, म्हणून नवीन माणसाने रोलमध्ये जीव तोडून मारू नये, रोल संपल्या संपल्या येणारी पहिली नोट जास्त महत्त्वाची आहे. रोल संपायच्या जरा आधी हात थांबवा, श्वास घ्या, आणि योग्य हाताने पुढे सुरू करा.

आणि हो, जिथे नोट नाही तिथे ठोका पडला तर पॉइंट कापले जात नाहीत.

नजर कुठे ठेवायची? वर्तुळावर नाही. वर्तुळावर बघितलं की प्रत्येक नोट अचानक येते असं वाटतं. पट्टीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, वर्तुळाच्या उजवीकडे नजर स्थिर ठेवा, म्हणजे पुढचे तीन-चार ठोके एकत्र दिसतात. ठोका कधी पडायचा ते कान सांगतो. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल, तरी सोडू नका.

कुठला हात कधी

आता खरी गोष्ट. हार्ड लेव्हलवर अडकलेल्या माणसाचे हात बघितले तर नव्वद टक्के वेळा एकच दृश्य दिसतं, सोयीचा हात दोनदा-तीनदा सलग मारतोय आणि दुसरा हात कधी यायचं ते न कळल्याने हवेत थांबलाय. तेव्हा आधी नियम ठरवा.

सोयीचा हात उजवा आहे असं धरून लिहितो, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं. उजव्याला उ, डाव्याला डा म्हणू. एका मात्रेचे चार भाग करा. पहिला आणि तिसरा भाग, म्हणजे मात्रा आणि अर्धी मात्रा, इथे येणारे सगळे ठोके उजव्याचे. मधले दुसरा आणि चौथा भाग डाव्याचे. बस. या पद्धतीत तीन ठोक्यांचा गट मात्रेवर सुरू झाला की उ डा उ, पाचाचा गट उ डा उ डा उ, आणि दोन्ही वेळा शेवट परत उजव्यावर, म्हणून पुढचा गट कायम उजव्यानेच सुरू होतो. डोक्याला त्रास नाही.

त्रास कुठे होतो ते सांगतो. दोन ठोक्यांची जोडी येते, जिचा पहिला ठोका मात्रेच्या आधीच्या चौथ्या भागावर असतो आणि दुसरा बरोबर मात्रेवर. सवयीने आपण ती उ डा अशी मारतो, मग मात्रेवर डावा हात पडतो, आणि तिथून पुढे सगळं उलटं होतं, दोन गटांनंतर हात एकमेकांवर आदळतात. ती जोडी डा उ अशीच मारायची. एखाद्या गाण्यात तुम्ही नेहमी त्याच जागी कोसळत असाल तर त्या जागेच्या थोडं आधी अशी एखादी जोडी लपलेली आहे का बघा, बहुतेक वेळा असते. चूक दिसते तिथे नसते, चार ठोके मागे असते.

दुसरी पद्धत म्हणजे कायम आलटून पालटून, काहीही येवो, उ डा उ डा, मध्ये मोकळी जागा असली तरी पुढचा ठोका दुसऱ्या हाताचा. यात तीनचा पहिला गट उ डा उ आणि दुसरा गट डा उ डा होतो. दोन्ही हातांवर भार सारखा येतो, वेगवान गाण्यांत याचा खूप फायदा होतो, पण वाचायला अवघड कारण तोच आकृतिबंध कधी उजव्याने तर कधी डाव्याने सुरू होतो. माझा सल्ला असा की हार्ड लेव्हलपर्यंत पहिली पद्धत पक्की करा, आणि हार्डची आठ-दहा गाणी नीट जमायला लागली की तीच सोपी गाणी दुसऱ्या पद्धतीने परत वाजवा. सुरुवातीपासून दुसरीच शिकणारेही असतात आणि पुढे ते छान खेळतात, पण त्यातले बरेच जण सुरुवातीलाच वैतागून सोडतात हेही खरं.

आता रंग. तीन ठोक्यांच्या गटात लाल-निळ्याच्या आठच शक्यता असतात. डोडोडो (डो म्हणजे डोन) आणि काकाका सोपे. डोडोका मध्ये शेवटचा का उजव्याचा, काडोडो प्रकारात पहिला का उजव्याचा, हेही जमतं. अडकतं ते डोकाडो मध्ये, कारण मधला का डाव्या हाताला एकट्याने कडेवर जाऊन मारायचा असतो आणि उजवा मात्र मध्येच राहतो. आणि त्याचा उलटा काडोका, ज्यात डावा मध्ये आणि उजवा दोनदा कडेवर. या आठही शक्यता गेम बंद ठेवून, मांडीवर किंवा उशीवर, हळू लयीत रोज पाच मिनिटं करा. प्रत्येकी चार वेळा सलग, न थांबता पुढची. मग तेच डाव्याने सुरू करून. पाचच्या गटात बत्तीस शक्यता होतात, त्या सगळ्या पाठ करायची गरज नाही, तीन आणि दोनच्या तुकड्यांत त्या आपोआप वाचता येतात.

तोंडाने म्हणत सराव करा. गेममध्ये नोट्सच्या खाली बोल लिहून येतात, डोन, डो, को, का असे, जपानी लिपीत असले तरी ते तोंडात बसवायला वेळ लागत नाही. जे तोंडाने लयीत म्हणता येत नाही ते हाताने येणार नाही. आणि हे एकदा जमलं की पट्टीवर वेगवेगळ्या नोट्स दिसायच्या बंद होतात, तुकडेच दिसतात.

वेगाचा हिशोब

१२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. १५० ला तो १०० होतो, २०० ला ७५. दोन हातांनी आलटून पालटून मारलं की एकेका हाताला दुप्पट वेळ मिळतो, म्हणजे १५० ला सुद्धा एका हाताला सेकंदाला पाचच ठोके मारायचेत. तेवढे कुणालाही जमतात, करून बघा. म्हणून म्हटलं की स्पीड हा शेवटचा प्रश्न. जमत नाही ते दोन हातांचं अंतर सारखं ठेवणं, सोयीचा हात घाई करतो आणि दुसरा मागे ओढतो, ऐकायला तडक-तडक येतं. हे सुधारायला मेट्रोनोमवर ८० पासून सुरू करा, ठोके एकसारखे ऐकू आले तरच पाच-पाचने वाढवा.

स्क्रोल स्पीडबद्दल, म्हणजे नोट्स स्क्रीनवर सरकण्याच्या वेगाबद्दल बऱ्याच जणांचा उलटा समज असतो. नोट्स गर्दी करून येतात म्हणून स्क्रोल कमी करावासा वाटतो. पण एक पटीवर चौथ्या भागाच्या नोट्स एकमेकांवर चढलेल्या दिसतात, तीन आहेत की चार तेच कळत नाही. ऑप्शनमध्ये जाऊन स्क्रोल वाढवा, मध्ये काही पायऱ्या असतील तर आधी दीड पट, मग दोन पट. नोट्स पळतात वेगाने पण त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि गट स्वच्छ दिसतात. गाण्याचा वेग तोच राहतो. हार्डच्या वरच्या गाण्यांत हे करून बघाच. अगदी संथ गाण्यांना तर हे लागतंच.

ऑप्शनमध्येच लाल-निळे उलटे करणारा आबेकोबे नावाचा पर्याय आहे. पाठ झालेलं गाणं त्यावर वाजवलं की कळतं आपण नोट वाचत होतो की नुसते आठवून मारत होतो. डोन जास्त आणि का कमी असलेली गाणी उलटी केली की कडेचा सरावही आयता होतो.

कुठल्या क्रमाने चढायचं

प्रत्येक गाण्याला प्रत्येक लेव्हलवर तारे असतात, ओनीवर एक ते दहा. ताऱ्यांनुसार चढा, आवडत्या गाण्यानुसार नाही, आवडतं गाणं फार अवघड निघालं तर ते जरा बाजूला ठेवा, नाहीतर त्याच्याच नादात हाताला चुकीची सवय लागते. गाणं पार व्हायला शेवटी वरचा मीटर ठरलेल्या रेषेच्या पुढे राहावा लागतो, गुडने तो भरतो, ओकेने कमी भरतो, बॅडने उतरतो. पण पार झालं म्हणजे आलं असं धरू नका. माझा मापदंड असा: बॅड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि ओकेपेक्षा गुड स्पष्ट जास्त असतील तर पुढच्या ताऱ्यावर जा. पार झालं पण ओके गुडच्या बरोबरीने आहेत, म्हणजे लय ढिली आहे, अजून दोन-तीन गाणी त्याच पातळीवर वाजवा.

रोजचा सराव तासभर असेल तर पहिली दहा मिनिटं सोप्या गाण्यांवर हात मोकळे करायला, मग आपल्या पातळीची गाणी, आणि आपल्याहून एक तारा वरचं गाणं फक्त दोनदा. तेच अवघड गाणं पुन्हा पुन्हा रेटत बसणं मला अजिबात पटत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर खांदे आवळले जातात आणि आपण चुकाच पक्क्या करत असतो. नव्या आवृत्त्यांमध्ये सराव मोड असतो, त्यात गाण्याचा तुकडा निवडून हळू वेगाने वाजवता येतो, तो वापरा.

ड्रम नसताना पीसीवर डी, एफ, जे, के या चार कळांवर डावी कड, डावा मध्य, उजवा मध्य, उजवी कड अशी मांडणी करून वाचण्याचा सराव करता येतो, ओसू नावाच्या मोफत गेममध्ये ताइकोचा वेगळा मोड आहेच. डोळ्यांना आणि क्रमाला याचा पूर्ण फायदा होतो. मनगटाला होत नाही.

दुखणं आणि देखभाल

हाताच्या पुढच्या भागात थकवा येणं ठीक, पण मनगटाच्या सांध्यात किंवा अंगठ्याच्या मुळाशी टोचल्यासारखं दुखलं तर लगेच थांबा, त्या दिवशी परत काठी उचलू नका. दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा कारण आवळलेली मूठ असतं. प्रत्येक तीन-चार गाण्यांनंतर हात सोडून दोन मिनिटं बसायचं, हे न दुखतानाही पाळा.

ठोके गळायला लागले तर आधी वायर काढून परत लावा, दुसऱ्या पोर्टमध्ये बघा, मग तोच भाग वेगवेगळ्या जागी मारून बघा. एकाच जागी मेला असेल तर आतला थर झिजलाय. उघडून आत फोम बसवून आवाज कमी करणारे, सेन्सर सुधारणारे लोक आहेत आणि ते चांगलं होतंही, पण वॉरंटी असेपर्यंत स्क्रूला हात लावू नका. ड्रमवर वजन ठेवू नका, तोंड वर करून कपाटात ठेवताना त्यावर काही रचलं की थर कायमचा दबतो.

मोठ्या ड्रमवर जाताना

आर्केडमध्ये खेळायची संधी मिळाली तर घरच्या हाताने एकदम ओनी निवडू नका. तिथला ड्रम मोठा, काठ्या जाड आणि जड, डोन आणि का मधलं अंतर जास्त. सेन्सर कंपनावर चालतात म्हणून घरी चालतो तेवढा हलका ठोका तिथे गळू शकतो, आणि कडेवरचा फार जोरात मारलेला ठोका दुसऱ्या सेन्सरलाही जाणवू शकतो. स्वतःच्या काठ्या घेऊन जाणारे पुष्कळ असतात, त्याला मायबाची म्हणतात, पण त्या ठिकाणचे नियम आधी विचारून घ्या. दोन ड्रमपैकी कुठला जास्त झिजलाय ते आधीच्या खेळणाऱ्यांना बघून कळतं, तिथे उभं राहून एक-दोन गाणी नुसती बघा. मग पहिलं गाणं असं घ्या जे घरी तुम्ही एकही बॅड न येता वाजवता, आणि ते एक लेव्हल खाली. त्या गाण्यात स्कोअरकडे बघायचं नाही, फक्त डोन किती जोराने लागतो आणि का साठी हात किती बाहेर न्यावा लागतो ते शोधायचं, दुसऱ्या गाण्यापासून आपली नेहमीची लेव्हल.